तीन अंडी आणि एक जर्नल

गेल्या डिसेंबरात आंबेगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलांशी बोलायला गेले होते. बोलणे संपल्यावर सवयीने प्रयोगशाळेत डोकावले. टेबलावर सह्या झालेल्या जर्नलांचा गठ्ठा होता. वरची सहा-सात चाळून पाहिली. प्रयोग साध्या दोलकाचा. गुरुत्वत्वरणाचे उत्तर सगळ्यांचे ९.८, दोघातिघांनी ९.८१ लिहून थोडी अधिक निष्ठा दाखवली होती. एका जर्नलमधून मात्र घडी घातलेला कागद खाली पडला. त्यावर कच्च्या नोंदी होत्या. दोऱ्याची लांबी ४८ सेंटिमीटर, २० दोलनांना २८.४ सेकंद, उत्तर ९.४०, आणि त्यावर पेन्सिलीची मोठी फुली. जर्नल जिचे होते ती मुलगी शेजारीच उभी होती. मी कागद उचलला तशी ती कावरीबावरी झाली. ‘‘मॅडम, ते चुकलेले आहे. फेअरमध्ये बरोबर केले आहे.’’

जर्नल म्हणजे खरे तर रोजनिशी. ज्या दिवशी जे पाहिले ते त्या दिवशी लिहायचे. आपल्या शाळा-महाविद्यालयांत मात्र जर्नल ‘पूर्ण’ करायचे असते. ते वर्षाच्या शेवटी, एका शाईने, एका बैठकीत, बहुधा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून पूर्ण होते. त्या आठवड्यात मी एक जुने पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होते. तेही एका तरुणाच्या जर्नलवर उभे आहे. त्या मुलीला काय उत्तर द्यावे याचा विचार करताना ते पुस्तक मधे मधे येत राहिले. म्हणून त्याच्याविषयी लिहिते आहे.

पुस्तकाचे नाव ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’, म्हणजे जगातला सर्वांत वाईट प्रवास. लेखक ॲप्सली चेरी-गॅरार्ड. ते १९२२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. कॅप्टन स्कॉट यांची ‘टेरा नोव्हा’ मोहीम १९१० च्या जूनमध्ये अंटार्क्टिकाकडे निघाली, तेव्हा हा गृहस्थ २४ वर्षांचा होता. ऑक्सफर्डला शिकला होता, पण विषय इतिहास. डोळे इतके अधू की चष्म्याशिवाय समोरचा माणूस धूसर दिसे. मोहिमेला त्याने १,००० पौंड दिले आणि साहाय्यक प्राणिशास्त्रज्ञ म्हणून त्याची वर्णी लागली. पैसे देऊन जागा मिळवली असे कोणी म्हणेल, आणि ते फारसे खोटे नाही. पण पुढच्या तीन वर्षांत त्याने जे सोसले आणि जे लिहून ठेवले, त्यापुढे तो आक्षेप टिकत नाही.

स्कॉट यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ध्रुवावर पोचले तर आमुंडसेन आधीच जाऊन आलेले, आणि परतताना पाचही जण मेले. परिपाठाच्या वेळी सांगायला ही गोष्ट सोयीची आहे. त्याग, निष्ठा, देशप्रेम सगळे तीत मिळते. चेरी-गॅरार्ड ध्रुवापर्यंत गेला नव्हता. त्याच्या पुस्तकात जिवावर बेतलेल्या दोन शोधयात्रा आहेत. एक पेंग्विनच्या अंड्यांच्या शोधाची, दुसरी मेलेल्या सोबत्यांच्या शोधाची. पहिलीमागचे गृहीतक चुकीचे निघाले आणि दुसरी उशिरा निघाली. विज्ञानाच्या शिक्षकाने हे पुस्तक वाचावे ते या दोन अपयशांसाठी, असे माझे मत आहे.

पहिली शोधयात्रा १९११ च्या हिवाळ्यातली. एम्परर पेंग्विन ऐन ध्रुवीय हिवाळ्यात अंडे घालतो. नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखाली झाकून दोन महिन्यांहून अधिक काळ उभा राहतो. मोहिमेतले प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड विल्सन यांनी स्कॉट यांच्या आधीच्या मोहिमेत केप क्रोझियर येथील त्यांची वसाहत पाहिली होती. पण वसंतात तिथे पोचावे तर पिल्ले आधीच बाहेर आलेली असत. वाढत्या अवस्थेतला गर्भ हवा असेल तर सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत जायला हवे.

हा गर्भ कशासाठी हवा होता? जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये असा सिद्धान्त मांडला होता, की गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांतून क्रमाने जातो. पेंग्विन हा पक्ष्यांतला अगदी आदिम प्रकार आहे अशी समजूतही तेव्हा प्रचलित होती. दोन्ही एकत्र केले तर एम्पररच्या गर्भात सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांना जोडणारा दुवा दिसला पाहिजे. दातांचे अवशेष दिसतील, खवल्यांपासून पिसे कशी झाली ते कळेल, अशी आशा होती. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे हा तर्क मुळीच खुळचट नव्हता.

२७ जून १९११ रोजी तिघे निघाले. विल्सन, हेन्री बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड. बॉवर्स हे रॉयल इंडियन मरीनचे अधिकारी. मुंबई हे त्या दलाचे मुख्य ठाणे. बुटके, धट्टेकट्टे आणि थंडीची पर्वा नसलेले. केप क्रोझियर तळापासून सुमारे १०५ किलोमीटर. जुन्नरहून निघून पुण्याच्या थोडे पुढे जावे एवढेच हे अंतर. त्याला १९ दिवस लागले. ओझे दोन घसरगाड्यांवर होते आणि दोन्ही एकदम ओढणे अशक्य झाले, तेव्हा एक पुढे न्यायची आणि मागे येऊन दुसरी आणायची. तीन मैल चालले की एक मैल पदरात पडे. परत येताना आपल्याच पावलांचा माग दिसावा म्हणून भर दुपारी मेणबत्ती धरावी लागे.

पुस्तकातले हे प्रकरण प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. विशेष म्हणजे त्यात थंडीची विशेषणे थोडी आणि परिणाम फार आहेत. एका सकाळी तो तंबूतून बाहेर आला आणि इकडेतिकडे पाहण्यासाठी त्याने मान वर केली. तेवढ्यात अंगावरचे कपडे गोठले आणि मान खाली होईना. पुढचे चार तास त्याने मान वर ठेवूनच गाडी ओढली. त्यानंतर तिघेही कपडे गोठण्याआधी वाकून, ओढण्याच्या स्थितीत उभे राहू लागले. ६ जुलैला उणे ७७.५ अंश फॅरनहाइट अशी नोंद आहे. घरचे डीप फ्रीझर उणे १८ सेल्सिअसच्या आसपास असते. त्यात मोसंबी ठेवली तर दगड होते. तिथून आणखी चाळीसहून अधिक अंश खाली उतरायचे.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने थांबावे अशी एक जागा इथे आहे. बर्फावरून गाडी सुळकन घसरते असे आपण धरून चालतो. चेरी-गॅरार्ड लिहितो की त्या थंडीत बर्फ वाळूसारखा झाला होता, गाडी सरकतच नव्हती. इतक्या थंडीत धावपट्ट्यांखालचे कण वितळत नाहीत, नुसते एकमेकांवर गडगडतात, असा त्याचा कयासही आहे. बाउडेन आणि ह्यूज यांनी १९३९ साली प्रयोगांनी दाखवले की घसरताना घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो वंगणाचे काम करतो. थंडी फार वाढली की तो थर नीट तयार होत नाही आणि घर्षण वाढते. याविषयीची समज नंतर आणखी बारकाईची झाली आहे, पण या इतिहासाच्या विद्यार्थ्याने ओढताना जे अंगावर अनुभवले त्याची नोंद आजही चूक ठरत नाही.

झोपण्याच्या पिशव्यांचेही असेच. श्वासातली वाफ आणि घाम बाहेर जाण्याआधीच कातड्यात गोठत असे. पिशवी रोज थोडी अधिक जड आणि कडक होई. रात्री अंगाच्या उबेने तो बर्फ वितळायचा आणि पुन्हा गोठायचा. सुप्त उष्णतेची किंमत शरीराने चुकवायची. पाठ्यपुस्तकातली सुप्त उष्णता मुलांना नेहमी थोडी खोटी वाटते. इथे ती माणसाच्या जेवणातून वजा होताना दिसते.

जेवणाचा प्रयोग मात्र फसलेला आहे. ध्रुवाच्या प्रवासाला योग्य शिधा कोणता हे ठरवण्यासाठी तिघांनी तीन प्रकारे खायचे ठरवले. विल्सन यांनी लोणी अधिक, बॉवर्स यांनी पेमिकन अधिक (वाळवलेले मांस आणि चरबी यांचा गोळा), चेरी-गॅरार्डने बिस्किटे अधिक. विल्सन यांना एवढे लोणी खाववेना, चेरी-गॅरार्डला जळजळ आणि थंडी सोसवेना. अर्ध्यात दोघांनी अदलाबदल केली. प्रत्येक शिध्याला एकच माणूस, तुलनेला चौथा कोणी नाही, आणि तिघांचे शरीर मुळात वेगळे. यातून निष्कर्ष काढणे धोक्याचे होते आणि ध्रुवयात्रेचा शिधा ठरवताना त्याचाच आधार घेतला गेला. लेखक हे सगळे लपवत नाही. मांडणीतला दोष मात्र त्याच्या ध्यानात आलेला दिसत नाही. नववी-दहावीच्या मुलांना हा उतारा देऊन ‘या प्रयोगात काय चुकले?’ असे विचारून पाहावे. मी दोनदा विचारले आहे आणि दोन्ही वेळा उत्तरे माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली आली.

केप क्रोझियरला पोचल्यावर त्यांनी दगडांची खोपी बांधली, वर कॅनव्हासचे छप्पर घातले. बर्फाच्या कड्यांतून उतरून पाच अंडी मिळवली. तीन सुखरूप आली, दोन फुटली. दोन्ही चेरी-गॅरार्डच्या हातची. त्याने ती हातमोज्यांत ठेवली होती. थंडीमुळे चष्मा लावता येत नव्हता आणि अंधारात तो पुनःपुन्हा पडत होता. या दोन अंड्यांचा उल्लेख त्याला सहज गाळता आला असता. विल्सन आणि बॉवर्स दोघेही १९१२ मध्ये वारले, साक्षीदार कोणी उरला नव्हता. ‘तीन अंडी मिळाली’ एवढे लिहिले असते तरी कोणाला काही कळले नसते.

आंबेगावच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही कच्चा कागद पुन्हा टेबलावर पसरला. मी तिला दोलक टांगायला सांगितला आणि लांबी मोजायला सांगितली. तिने दोऱ्याच्या वरच्या टोकापासून गोळ्याच्या हुकापर्यंत मोजले. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून २ सेंटिमीटर राहून गेले होते. ४८ च्या जागी ५० घातल्यावर तिच्याच सेकंदांतून ९.७९ आले. म्हणजे वेळ तिने उत्तम मोजला होता. फुली मारलेल्या कागदावर चूक नेमकी कुठे आहे हे सापडले; सही झालेल्या जर्नलमध्ये ते कधीच सापडले नसते, कारण तिथे ९.८ वरून उलट गणित करून सेकंद लिहिले होते.

पुन्हा पुस्तकाकडे. २२ जुलैनंतरच्या वादळात तंबू उडाला आणि २३ तारखेला, विल्सन यांच्या वाढदिवशी, खोपीचे छप्परही फाटून गेले. तिघे पिशव्यांत पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू उतारावर थोड्या अंतरावर सापडला. तो सापडला नसता तर ही कहाणी सांगायला कोणी उरले नसते. १ ऑगस्टला ते तळावर पोचले.

त्या तीन अंड्यांचे पुढे काय झाले? १९१३ साली चेरी-गॅरार्ड स्वतः ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये घेऊन गेला. तिथे त्याला ताटकळत ठेवले गेले, कोणी धड विचारपूस केली नाही, पावती मिळवायलाही झगडावे लागले, असा प्रसंग त्याने जवळजवळ नाटकासारखा, संवाद घालून रंगवला आहे. वाचताना हसू येते आणि चीडही येते. पण समीक्षक म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते. आधीचे प्रकरण रोजच्या नोंदींवर उभे आहे; हा प्रसंग नऊ वर्षांनंतर, रागाने लिहिलेला आहे. दोहोंचा पोत वेगळा आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ हे लेखकाचे शेजारी होते आणि पुस्तक लिहिताना त्यांचा सल्ला त्याला मिळत होता, हेही लक्षात ठेवावे. संग्रहालयाचा पहारेकरी या पुस्तकातला खलनायक झाला आहे, आणि त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. अंडी कोणी कशी घेतली यापेक्षा त्यांतून काय निघाले हे विचारायला हवे.

फारसे काही निघाले नाही. गर्भ एकाकडून दुसऱ्याकडे गेले. पहिले अभ्यासक १९१५ साली वारले. सी. डब्ल्यू. पार्सन्स यांचा अहवाल १९३४ साली आला आणि पेंग्विनच्या गर्भविज्ञानात या अंड्यांनी मोठी भर घातलेली नाही असे त्यात ठरले. तोवर हेकेल यांचा सिद्धान्तही मोडीत निघाला होता. गर्भावस्थेत वेगवेगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत साम्य असते हे खरे, आणि दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा पुरावा म्हणून ते येते. पण माणसाचा गर्भ आधी मासा, मग बेडूक अशा क्रमाने जातो असे नाही. वर्गात हा फरक पुष्कळदा पुसला जातो, माझ्याही शाळेत पुसला गेला होता. पेंग्विन आदिम पक्षी नाहीत, त्यांचे पूर्वज उडणारे होते, हेही आता स्पष्ट आहे. दातांच्या प्रश्नाचे उत्तर वेगळ्याच वाटेने आले. पक्ष्यांच्या जनुकसंचांत दातांच्या आवरणासाठी लागणारी जनुके निकामी अवस्थेत आहेत आणि ती सुमारे ११ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी निकामी झाली असावीत, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी कोणाला उणे ६० अंशांत जावे लागले नाही.

मग ती मेहनत फुकट गेली का? या पुस्तकावर लिहिणारे बहुतेक जण ‘तीन अंड्यांसाठी एवढा खटाटोप’ असे म्हणून हळहळतात. मला हे पटत नाही. मी खोडदजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर, जीएमआरटीवर काम करते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारायचे १९८० च्या दशकात ठरले, तेव्हा एक मुख्य उद्देश होता विश्वाच्या बाल्यातले हायड्रोजनचे प्रचंड ढग शोधणे. त्या काळच्या एका सिद्धान्तानुसार आधी असे महाकाय ढग बनले आणि मग ते तुटून दीर्घिका झाल्या. तसे ढग सापडले नाहीत आणि तो सिद्धान्तही मागे पडला. दुर्बीण मात्र आहे, आणि तिच्यावर स्पंदकांपासून दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनपर्यंत कितीतरी कामे झाली. कुठल्या प्रश्नासाठी निघालो आणि हाती काय लागले हे एकच असेल अशी हमी संशोधनात कोणी देत नाही. विल्सन यांनी प्रश्न नीट विचारला होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. ‘नाही’ हेही उत्तर आहे. ते यायला २३ वर्षे लागली, ही दिरंगाई मात्र अंडी आणणाऱ्यांची नव्हे.

दुसरी शोधयात्रा. १९१२ च्या हिवाळ्यात तळावर १३ माणसे उरली होती. ध्रुवाकडे गेलेले पाच जण परतले नव्हते, म्हणजे मेले होते हे उघड होते. त्याच वेळी कॅम्पबेल यांच्या तुकडीतले सहा जण उत्तरेला दूर अडकले होते. ते कदाचित जिवंत होते. सूर्य उगवल्यावर कोणाला शोधायला जायचे? मेलेल्यांना की जिवंत असू शकणाऱ्यांना? प्रमुखपदाची जबाबदारी आलेले डॉक्टर ॲटकिन्सन यांनी सर्वांचे मत विचारले. एकाने मत दिले नाही, बाकी सगळे दक्षिणेला, म्हणजे मृतांकडे जावे असे म्हणाले. कारण असे, की कॅम्पबेल यांच्या लोकांना स्वतः परतण्याची किंवा जहाजाने सुटण्याची संधी होती. आणि ध्रुवाकडे गेलेल्यांच्या नोंदी आता शोधल्या नाहीत तर त्यांचे काय झाले हे कधीच कळणार नव्हते.

आंबेगावातल्या वाचकांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण दरडीखाली गेले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस पावसात ढिगारा उपसला जात होता. शोध घेणारे कोणासाठी खणतात, आशा सुटल्यावरही का खणतात, हे त्या डोंगरात ज्यांनी पाहिले त्यांना मी सांगायला नको. चेरी-गॅरार्डच्या पुस्तकातली ही मतदानाची पाने मला हिवाळी प्रवासाइतकीच मोलाची वाटतात. निर्णय बरोबर होता असे तो ठासून सांगत नाही. दोन्ही बाजूंची कारणे लिहितो, तेव्हा काय माहीत होते ते लिहितो. कॅम्पबेल यांचे सहाही जण नोव्हेंबरात स्वतःच्या पायांनी तळावर आले, हे नंतरचे ज्ञान त्या निर्णयाच्या पारड्यात तो टाकत नाही.

या शोधात भारतातून आलेली सात खेचरे होती. सिमल्याला तयार केलेली, भारत सरकारने दिलेली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहेब अशी त्यांची नावे. नेमून दिलेला खुराक टाकून ती चहाचा चोथा आवडीने खात. खेचरांची नावे पुस्तकात आहेत, ज्या हातांनी ती सिमल्याला तयार केली त्यांची नाहीत. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकात ती नसणार हे ठाऊक असूनही खटकते.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू दिसला. आत स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स. चेरी-गॅरार्डने ज्या दोघांबरोबर अंडी आणली तेच दोघे. त्या दिवसाच्या त्याच्या नोंदी तुटक आहेत, आणि तशाच ठेवल्या आहेत हे त्याचे मोठेपण. तंबूबरोबर रोजनिश्या, बॉवर्स यांच्या हवामानाच्या नोंदी आणि सुमारे १६ किलो दगड मिळाले. मरणाच्या वाटेवरही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म निघाले. सेवर्ड यांनी १९१४ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हीच पाने नागपूरजवळ कामठीच्या आणि चंद्रपूरकडच्या खडकांत मिळतात. जुन्नर-आंबेगावात ती शोधू नका, इथे सगळा लाव्हाचा काळा कातळ आहे. पण अंटार्क्टिका आणि आपला विदर्भ एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते याचा पुरावा त्या तंबूत होता. अंड्यांच्या मानाने या दगडांनी विज्ञानाला कितीतरी अधिक दिले. हवामानाच्या नोंदींचेही तसेच. सुसान सॉलोमन यांनी २००१ साली त्या नोंदी आताच्या स्वयंचलित केंद्रांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या आणि १९१२ चा मार्च नेहमीपेक्षा बराच अधिक थंड होता असे मांडले. हे मत सर्वांना मान्य नसेल, पण नोंदी नसत्या तर वादही घालता आला नसता.

पुस्तकाचा खरा सल वेगळा आहे. मार्च १९१२ मध्ये चेरी-गॅरार्ड आणि कुत्र्यांचा सारथी दिमित्री हे ‘वन टन डेपो’ या शिधासाठ्यापर्यंत गेले होते. ३ तारखेला पोचले, १० तारखेला परत फिरले. मधल्या बहुतेक दिवसांत वादळ होते, कुत्र्यांचे खाणे तिथे नव्हते, कुत्र्यांना धोक्यात घालू नये असा हुकूम होता, आणि या अधू डोळ्यांच्या माणसाला दिशा काढता येत नव्हती. स्कॉट यांचा शेवटचा तंबू त्या साठ्याच्या दक्षिणेला जेमतेम २० किलोमीटरवर सापडला. ते तिथे पोचले चेरी-गॅरार्ड परतल्यानंतर दहा दिवसांच्या सुमारास. पुढे गेलो असतो तर? हा प्रश्न त्याने १९५९ मध्ये मरेपर्यंत सोडला नाही.

या भागात पुस्तक डळमळते. एका परिच्छेदात तो म्हणतो त्या वेळी दुसरे काही शक्य नव्हते, दुसऱ्यात कुत्री मारून पुढे जाता आले असते याचा हिशोब मांडतो. रोजनिशीचा तरुण आणि पुस्तकाचा छत्तिशीतला लेखक इथे एकमेकांशी भांडतात, आणि कोण केव्हा बोलतो आहे हे ओळखणे कठीण जाते. पुस्तकाचा हा सर्वांत मोठा दोष आहे असे मी म्हणेन. मात्र तारखा, अंतरे, शिधा, हुकूम हे सगळे त्याने दिलेले असल्यामुळे वाचक स्वतः हिशोब करू शकतो. मी केला. १० मार्चला जे माहीत होते तेवढेच घेतले तर परत फिरणे योग्य होते, असे मला वाटते. त्याला स्वतःला ते पटवून घेता आले नाही.

पुस्तक लांबलचक आहे. जहाजाच्या प्रवासाची आणि साठे पोचवण्याची प्रकरणे वगळली तरी चालतील. लॅशली या खलाशाच्या रोजनिशीतला भाग मात्र सोडू नये; साध्या माणसाची साधी भाषा त्यात जशीच्या तशी आहे. हातात पेन्सिल ठेवावी आणि रोजनिशीतले कोणते, नंतरचे कोणते, अशा खुणा समासात करत जावे. हिवाळी प्रवासाचे प्रकरण वर्गात एका तासात वाचून होणार नाही, निवडक पाने घ्यावीत. नारायणगावकडे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत ती वाचली तर मुले आपणहून विचारतात, उणे ७७.५ फॅरनहाइट म्हणजे आपले किती? सूत्र फळ्यावर लिहून त्यांनाच काढू द्यावे. ३२ वजा करताना उणे चिन्हाचा घोळ अर्ध्या वर्गाचा होतो. उत्तर उणे ६०.८ येते. घोळ झालेले गणित खोडायला मात्र सांगू नये.